देवीपर्यंत न पोचलेला खण

अहो, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुमचा मोबाइल उघडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पाठीमागे केलं असं व्हायला नको. तुम्ही असतानाही उघडत होतेच; पण तेव्हा तुम्ही अंघोळीला गेलात की घाईघाईने, पाणी ओतल्याचा आवाज थांबेपर्यंत. या वेळी ओसरीवर माझ्या शिलाई मशीनजवळ बसून सावकाश पाहिला. हातातून काढून घेणारं कुणी नव्हतं.

काय होतं त्यात? नावंच नावं. मेडशी ते वाशिम रोज येणाऱ्या सवाऱ्या, लग्नाला गाडी ठरवणारे, गॅरेजवाले, टायरवाले. आणि त्यांच्यात एक 'पंक्चरवाला गोवा'. मी तिथे थांबले. वर्षातून एकदा तुमची गोव्याची खेप, तिथे एखादा पंक्चरवाला ओळखीचा असू शकतो, हे मान्य. पण तुमचे फोन खेपेच्या आठ दिवस आधीचे. पंक्चर व्हायच्या आधीच पंक्चरवाल्याला फोन करणारा ड्रायव्हर मी तुमच्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

तुमच्या बहिणीने, आक्कांनी, मला मोबाइल घेऊन बसलेलं पाहिलं. म्हणाल्या, "मंदे, मानूस गेला व माय. आता तरी पुरे कर ना तुहं." पण संशय म्हणजे काही कुंकू नाही, माणूस गेला की पुसून टाकायला.

हा गुण मला आईकडून आला, हे तुम्हाला माहीत होतंच. तिच्यावर चिडायचं सोडून तुम्ही तिचं नाव काढून हसायचात. देवीला ओटी पाठवायची झाली की आई त्या खणाच्या कोपऱ्याला आतून हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालायची. देवळाबाहेरचे दुकानदार वाहिलेला खण मागच्या दाराने परत आणतात आणि पुन्हा विकतात, असा तिचा पक्का समज. टाका असला म्हणजे आपला खण ओळखू येतो. तिला आयुष्यात एकही खण पकडता आला नाही, पण टाका घालायचा तिने सोडला नाही. मीही नाही सोडला. बायकांचे ब्लाउज शिवते मी. वरून कापड कितीही झळकू दे, उलटं करून शिवण पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

तर त्या खेपेविषयी. सोयाबीन विकून झालं की तूर काढणीला येईपर्यंत गावाला जरा उसंत असते. सुदामभाऊंनी, ते खताच्या दुकानवाले, नऊ वर्षांपूर्वी टूम काढली की गावातल्या गड्यांनी मिळून कोल्हापूरच्या देवीला जाऊन यावं. गाडी तुमची, सतरा सिटांची. बायकांना कोल्हापूर लांब पडतं, पोरंबाळं, गुरंढोरं टाकून जाणार कोण? म्हणून प्रत्येकीने आपापली ओटी बांधून दिली. खण, नारळ, मूठभर गहू, हळकुंड, सुपारी. अकरा बायकांच्या अकरा ओट्या एका पिशवीत, आणि पिशवी तुमच्या ताब्यात, कारण गावात सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे तुम्ही. मी हसले होते तेव्हा. मनात म्हटलं, यांना माझ्याइतकं ओळखत असत्या तर!

पहिली दोन वर्षं तुम्ही खरंच कोल्हापूरला गेलात. प्रसादाचा वासच सांगत होता. तिसऱ्या वर्षीपासून गडी परत आले ते काळेठिक्कर पडून, डोक्यावर रंगीत टोप्या, आणि एकमेकांकडे पाहून हसणं मिशीतल्या मिशीत. देवीच्या गावात इतकं ऊन असतं का? गोव्यालाही जाऊन आलो, समुद्र पाहिला, असं सुदामभाऊंनीच सांगून टाकलं. बायकाही म्हणाल्या, पाहू द्या बाप्पा समुद्र, वावरातच तर मरायचं आहे.

आणि मग ती कुंकवाची पुडी. तुम्ही देवीचं कुंकू म्हणून माझ्या हातावर ठेवलीत. मी कुंकू करंड्यात ओतलं आणि सवयीने कागद उलगडला. आपल्याकडचंच वर्तमानपत्र, वाशिमच्या ट्रॅक्टरच्या दुकानाची जाहिरात. मी कागद तुमच्यासमोर धरला.

"हे कोल्हापूरचं कुंकू व्हय?"

"कोल्हापुरातबी वाशिमची मानसं राह्यतात," तुम्ही म्हणालात आणि गाडी धुवायला निघून गेलात. अडचणीत आलात की गाडी धुवायचात तुम्ही. गाडी चकचकीत दिसली की मी समजायची, डाळीत काहीतरी काळं आहे.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात आपलं भांडण झालं. मी सरळ विचारलं, तिथे गडी काय करतात? तुम्ही म्हणालात, "मी निरा गाडी चालवतो, दुसरं काई नाई. उतरून कोन कोठी जाते, मले काय त्याचं?" मी म्हटलं, मग तुम्ही कुठे जाता? तुम्ही माझ्याकडे इतकं दुखावल्यासारखं पाहिलंत की मला वाटलं, नाटक. खरं सांगते, तेव्हा नाटकच वाटलं. चोर इतका साळसूद दिसतो तो उगाच नाही.

आता तुम्ही नाही, तर दुसरंही सांगते. वाशिमला दोरे, लेस, अस्तराचं कापड आणायला मी निघाले की पुढची, तुमच्या शेजारची सीट तुम्ही रिकामी ठेवायचात. सवारी ओरडायची, "अबे, जागा हाय ना पुढं!" तुम्ही म्हणायचात, "थे मालकिनीची हाय." मला किती आनंद व्हायचा, कधी बोलले नाही. उलट बसल्या बसल्या सीटचा वास घ्यायची, काल इथे कुणी पावडर लावलेली बसली होती का म्हणून. तुम्हाला ते दिसायचं. तुम्ही काच खाली करायचात आणि वारा आत घ्यायचात. त्या काचेची फार आठवण येते हो मला.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि तुम्ही गाडी धुता धुताच खाली बसलात. पाइप सुरूच होता. आपल्या पोराने, विशालने, उचललं तोवर सगळं संपलं होतं. मी काय विचार केला असेल? लाज वाटते सांगायला. आज गाडी का धुवत होते, असा विचार आधी आला.

दहाव्याच्या दिवशी मोबाइल वाजला. पंक्चरवाला गोवा. मी उचलला आणि गप्प राहिले.

"दादा, यंदा कवा निंगता? मले वाटलं, इसरले का काय."

पंक्चरवाल्याचा आवाज बाईचा. आणि बोली गोव्याची नव्हे, आपली, इथली.

"कोन बोलते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "वयनी का?"

"दादा नाई राह्यले," मी म्हटलं. 'दादा' या शब्दावर मी जोर दिला, तिला कळावं म्हणून की असले दादा मी पुष्कळ पाहिलेत.

तिकडून रडणं. मी कान देऊन ऐकलं, खरं की खोटं. फोनवर शिवण उलटी करून पाहता येत नाही. शेवटी ती म्हणाली, "म्या येऊन जाऊ का एक डाव?" मी "ये" म्हटलं. मायेने नाही. मला तिचं तोंड पाहायचं होतं.

तेरवी परवा झाली, आणि ती बाई काल आली. अकोल्याकडून आलेल्या एसटीतून उतरली, विचारत विचारत घरी. विशाल शेतात होता, आक्का आदल्या दिवशीच गेल्या होत्या. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. नाव अर्चना. अनसिंगच्या पलीकडच्या एका तांड्याजवळच्या वस्तीवरची. तिने पाया पडायला वाकून हात पुढे केला, तेवढ्यात माझी नजर तिच्या ब्लाउजवर गेली. जांभळा खण, रुपेरी काठ. दोन वर्षांपूर्वी वाशिमच्या दुकानात अर्धा तास घासाघीस करून मी घेतलेला, देवीसाठी.

माझं डोकंच फिरलं. पाणीसुद्धा न विचारता म्हटलं, "हे काढून आन."

तिने का, कशाला, काही विचारलं नाही. आत जाऊन दुसरा ब्लाउज घातला आणि तो आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी उलटा केला. शिलाई बरी होती, बाही मात्र ओढत होती. डाव्या काखेखाली, आत दाबलेल्या कापडात, खणाचा कोपरा होता. आणि त्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा माझा टाका.

आईला जन्मभर सापडला नाही तो खण मला सापडला होता. देवीचा खण बाईच्या अंगावर. मला वाटलं, झालं, आता काही विचारायचं उरलं नाही. पण एक गोष्ट मला शिवणारी म्हणून कळेना. कोपरा तिरका येतो, टेलर तो कापून टाकतो. हा कापला का नव्हता?

"हा कोपरा काहून ठेवला?"

ती म्हणाली, "टेलरले म्या सांगो, कापू नको म्हनून. सहाही खणाले होता तो टाका. मले वाटे, वयनीनं माहेरची खूण म्हनून घातला."

पिशवीतून तिने बाकीचे पाच काढले. हिरवा, मोरपंखी, दोन लाल, एक हळदी. सगळे माझे. सगळ्यांच्या काखेत माझा संशय जपून ठेवलेला. मी बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते तुमच्यासाठी की माझ्यासाठी की रागाचं, कोण जाणे.

मग तिने सांगितलं. लग्न मोडलं, भावाने घरात घेतलं नाही, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली, तिथून एका बाईने हॉटेलातलं काम म्हणून गोव्याला नेलं. हॉटेल होतं, काम वेगळं होतं. भाऊ गावात सांगतो, पुण्याला कंपनीत आहे.

"पोरं स्कुट्या घेऊन गाड्याईच्या खिडकीपाशी येतात," ती म्हणाली. "मोबाइलवर फोटो दाखवतात, एक सरकव, दुसरा सरकव. लोकं माना लांब करून पाह्यतात. कोठून कोठून येतात लोकं. समुद्र पाह्याले आलो म्हनतात. त्या फोटोईत म्या होती. म्या पायरीवर बसून होती अन् गाडीतून आवाज आला, 'काहून फवारलं नाई? काहून?' दादा फोनवर भांडत होते. इतक्या वर्सानं 'काहून' ऐकलं म्या. खिडकीपाशी गेली अन् म्हनलं, दादा, वाशिमकडचे का?"

अहो, मला तो फोन आठवतो. तुरीवर अळी पडली होती, मी फवारलं नव्हतं, आणि तुम्ही भांडता भांडता मध्येच फोन ठेवून दिलात. सहा वर्षं मी विचार करत होते, तेव्हा गाडीपाशी कोण आलं असेल.

सीटवर ओट्यांची पिशवी होती. तिने ती पाहिली आणि म्हणाली, माझी ओटी कुणी भरली नाही किती दिवसांत. तुम्ही त्यातून एक काढून दिलीत. बाकीच्या दहा वाटेतल्या कुठल्याशा देवळात ठेवल्यात. दुसऱ्या वर्षी तेच. दर वर्षी माझीच. दुसऱ्या कुणाची द्यायची हिंमत नव्हती, की माझ्याच ओटीवर तुमचा हक्क वाटला? हे विचारायचं राहिलं.

मी जे विचारणार होते ते तिच्या आधीच लक्षात आलं. "वयनी, तुमच्या मनात काय हाय थे दिसते मले. नाई. कवाच नाई. सारे गेले की थे गाडीच्या मांगं जाऊन बसत, बिड्या फुकत."

खरं असेल. नसेलही. ती दुसरं काय सांगणार होती? पण बिडीवर मी अडखळले. तुम्ही बिडी सोडल्याची शपथ घेतली होतीत. ती तुम्हाला वाचवायलाच खोटं बोलत असती तर बिडी कशाला सांगितली असती?

मग मी रागावून म्हटलं, "सहा वर्सं खण नेऊन दिले. तुले काहून नाई आनलं त्याईनं? सतरा सिटा होत्या ना."

तिने ब्लाउजांच्या घड्या घालायला घेतल्या. खाली मान घालून म्हणाली, "म्या म्हनलं होतं, दोनदा. मले घिऊन चाला. थे म्हनत, माह्या बायकोले काय सांगू?"

माझ्या बायकोला काय सांगू. एवढंच? आठ दिवस भांडले असते मी. महिनाभर बोलले नसते. सीटचा वास घेतला असता, मोबाइल फोडला असता. पण नंतर? नंतर काय केलं असतं ते मला खरंच ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नव्हतं म्हणूनच तुम्ही गप्प राहिलात, आणि ती तिथे राहिली. माझ्या तोंडाच्या भीतीने एक बाई सहा वर्षं त्या पायरीवर बसली होती. पण सगळं माझ्यावर ढकलू नका. त्या गड्यांना दर वर्षी तिथवर कोण नेत होतं? निरा गाडी चालवणाऱ्याचं काहीच नसतं का हो? हे भांडण आपलं अर्धंच राहिलं, आणि आता तुमची बाजूही मलाच मांडावी लागते.

तेवढ्यात अंगणात वहाणांचा आवाज. सुदामभाऊ. तुमच्यासाठी त्यांनी खेप पंधरा दिवस पुढे ढकलली होती, आणि ओसरीची पायरी चढता चढताच सुरू झाले, "वयनी, झालं थे वाईट झालं. पन खोल्या घेऊन ठिवल्या हायेत, विशालले म्हना गाडी..."

आणि थांबले. समोर अर्चना, मांडीवर ब्लाउज.

तिने पदर सारखा केला. "रामराम, सुदामभाऊ," ती म्हणाली. मी तिला नाव सांगितलं नव्हतं.

मी आयुष्यभर माणसांच्या चेहऱ्यात काय काय शोधलं, पण इतकं स्वच्छ कधी वाचायला मिळालं नाही. मी म्हटलं, "बसा ना भाऊ, चाय ठेवतो. ह्या अर्चनाबाई, तिकडून आल्या. तुमची ओळख असन?"

"नाई, नाई. गाडीचं पाहू मंग," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. विशाल ती गाडी तिकडे नेणार नाही, हे सांगायची गरजच पडली नाही.

ते गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. तुम्ही सहा वर्षं ज्या सांगण्याला भ्यालात त्याची भीती उलटीही चालते हो. ही कोण, कुठली, हे या गावात कोण सांगणार? सांगायचं तर आपण तिला कुठे पाहिलं तेही सांगावं लागेल, आणि त्यांच्या घरी दहा बायका आहेत. त्या दहाजणींना त्यांच्या ओट्यांचं काय झालं ते मी सांगणार आहे. आज नाही, पण ब्लाउज शिवायला येतातच सगळ्या.

यंदाचा खण कपाटात तसाच होता. डाळिंबी. तुम्ही गेलात आणि पिशवी भरायची राहिली. आक्कांनी तेरवीला कुंकवाचा करंडा माझ्यासमोरून उचलून कपाटावर ठेवला होता, आता माझ्या हातून ओटी भरलेली चालत नाही म्हणून. मी स्टुलावर चढून करंडा खाली काढला. अर्चना घाबरून म्हणाली, "वयनी, तुमी नका, लोकं काय म्हनतीन." मी म्हटलं, "बस गुपचाप."

खणाला टाका घातलेला नव्हता. मी सुईत हिरवा दोरा ओवला. ती समोर बसून बघत होती. आईची आठवण झाली; असला, माहेरच्या खुणेचा, टाका तिने कधी घातला नव्हता. मग खण, नारळ, गहू, सगळं तिच्या पदरात घातलं. तुमच्या हातून सहादा गेलं, माझ्या हातून एकदा.

भुलू नका. माझा अजून पूर्ण विश्वास नाही, तुमच्यावरही नाही आणि तिच्यावर तर नाहीच. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे. त्या बिड्यांचं मी वर आल्यावर विचारणार आहे.

ओटी घेऊन ती उठली, पिशवी खांद्याला लावली. "चारची एसटी हाय, वयनी."

मी तिच्या हातातून खण परत घेतला. म्हटलं, "त्या टेलरले बाही बसवता येत नाई. हा मी शिवतो. सरळ उभी राह्य."

चारची एसटी फाट्यावर हॉर्न वाजवून गेली, तेव्हा मी टेप घेऊन तिच्या खांद्याचं माप घेत होते.